पडदा, परवाना आणि सातपुडा

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीच्या काठी सारंगखेड्याला जी यात्रा भरते तिचा लौकिक घोड्यांच्या बाजारासाठी आहे, आणि मारवाड-काठेवाडाकडून आलेल्या जनावरांचे दात, खूर नि चाल पारखणाऱ्या जाणकारांविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु त्या बाजाराच्या पलीकडे, तमाशाच्या कनातीला जवळजवळ खेटून, फिरत्या सिनेमाचा जो तंबू एके काळी उभा राहत असे त्याची नोंद घेण्याचे मराठी चित्रपटाच्या इतिहासकारांना फारसे सुचलेले नाही. आपला चित्रपटेतिहास कोल्हापुरात बाळसे धरतो, पुण्यात प्रौढ होतो आणि मुंबईत पोट भरतो. खानदेशाच्या वाट्याला त्यात प्रेक्षक म्हणूनसुद्धा एखादे वाक्य येत नाही. वास्तविक चित्रपटात किती गाणी असावीत, खलनायकाने किती मोठ्याने हसावे, नायिकेने किती वेळा डोळे पुसावेत, याचा निर्णय स्टुडिओत जितका होतो तितकाच तो जेथे पाहिला जातो त्या जमिनीवरही होतो. आणि कॅमेरा कोणाच्या हाती आहे या एका गोष्टीने त्या निर्णयावर अखेरचे शिक्कामोर्तब होते. हे म्हणणे तपासून पाहावयाचे तर नंदुरबारइतका सोयीचा जिल्हा दुसरा सापडणे कठीण.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याची पूर्व-पश्चिम वाटणी झाली, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके निराळे काढून हा जिल्हा निर्माण झाला. येथील वस्तीत सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणी अशा जमाती, त्यांच्या निरनिराळ्या बोली, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी, पेठेत गुजराती, कचेरीत मराठी आणि पडद्यावर हिंदी, असा भाषांचा संसार येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत पडतो, हे येणारा प्रत्येक जण कौतुकाने सांगतो. पण १९६० च्या मे महिन्यात जी रेघ ओढली गेली ती त्या फलाटावरून गेली असली तरी माणसांच्या आवडीनिवडींतून गेली नाही, हे त्यातले खरे मर्म आहे. सुरत-भुसावळ मार्गाने चित्रपटांच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या या मुलखात येत, त्यांबरोबर गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही अभिरुची एकाच डब्यातून उतरत.

दादासाहेब फाळके आपले मूकपट बैलगाडीत घालून गावोगाव दाखवीत, आणि चिल्लर नाण्यांनी भरलेली गाडी परत येई, ही कथा सर्वश्रुत आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा त्याला वाणी नव्हती, आणि म्हणूनच, एका अर्थाने, तो सर्वांचा होता. ज्याला अक्षरओळख नाही त्याला शेजारचा मनुष्य पाटीवरील मजकूर वाचून दाखवी, आणि तोही नसला तरी हरिश्चंद्राची गोष्ट ठाऊक असल्यामुळे अडत नसे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना मोठा आनंद झाला, परंतु धडगावच्या डोंगरातून बाजाराला उतरलेल्या ज्या पावऱ्याला मराठी आणि हिंदी या दोन्ही सारख्याच परक्या, त्याच्या दृष्टीने बोलपट हा पुष्कळ अंशी मूकपटच राहिला. त्याच्या ध्यानात राहावयाचे ते गाणे, हावभाव, वेष, खलनायकाच्या मिशा आणि शेवटची मारामारी. आपल्या बोलपटाने गाण्याला आणि ठळक, एका दृष्टिक्षेपात ओळखता येणाऱ्या पात्रांना इतके का कवटाळले याची कारणे सांगताना पंडित संस्कृत नाटकाचा व संगीत रंगभूमीचा दाखला देतात, तो चुकीचा नाही. तथापि ज्या देशात निम्म्या प्रेक्षकांना संवाद समजत नाहीत त्या देशात याहून निराळी शैली टिकली असती का, हाही प्रश्न विचारावयास हवा. ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला, मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये सत्तावन्न आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याची वाखाणणी झाली, पण त्याची खरी परीक्षा तंबूत झाली, जेथे माणसे पादत्राणे बाहेर काढून बसत.

या तंबूची व्यवस्था जरा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रथम परवाना. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह अधिनियमाखाली फिरत्या सिनेमालाही जिल्हाधिकाऱ्याचा तात्पुरता परवाना लागे. त्यासाठी जागेचा दाखला, विजेची तपासणी, आगीच्या बंदोबस्ताची खातरजमा आणि पोलिसांचा ना-हरकत अभिप्राय ही सर्व कागदपत्रे मामलेदार कचेरीतून फिरत फिरत वर जात. त्यावर १९२३ च्या कायद्यान्वये करमणूक कर, आणि तो वसूल होतो की नाही हे पाहण्यासाठी तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला कर्मचारी. आत सतरंजी किंवा नुसती माती, मधोमध दोर लावून स्त्रियांची बाजू निराळी केलेली. पाठीमागे मालमोटारीत पक्के बसविलेले प्रक्षेपक यंत्र, त्यात कार्बनच्या दोन कांड्यांमधून उसळणारी ज्योत, आणि ती ज्योत मंदावू नये म्हणून खेळ संपेपर्यंत कांड्या हाताने पुढे सारीत राहणारा घामाघूम ऑपरेटर. हात जरा चुकला की पडदा पिवळा पडे आणि तंबूभर शिट्ट्या वाजत. रीळ तुटले की ते चिकटवून पुन्हा सुरू करावयाचे, त्यात चार-दोन हात फीत कापली जावयाची. असे पुष्कळदा झाले की गावोगावी त्याच चित्रपटाची थोडी निराळी आवृत्ती दिसू लागे.

आणि बाहेर ढोलकी. शेजारच्या फडात वगनाट्य रंगात आले असता, पलीकडे पाळण्याच्या कर्ण्यावर दुसरेच गाणे चालू असता, तंबूतल्या चित्रपटाला कुजबुजून बोलणे परवडत नव्हते. त्याला ओरडून बोलावे लागे, एकच गोष्ट तीनदा सांगावी लागे, आणि जो प्रेक्षक मध्यंतरानंतर जिलबी खाऊन आला त्यालाही कथासूत्र सापडेल अशी तजवीज ठेवावी लागे. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला नागर समीक्षकांनी नाके मुरडली. राजस्थानी भाषेतल्या एका चित्रपटावरून घेतलेली ती कथा, त्यातील छळ आणि अश्रू यांचे प्रमाण, हे सर्व त्यांना असह्य झाले. मलाही तो चित्रपट श्रेष्ठ वाटत नाही. परंतु तंबूच्या दोरापलीकडील बाजू ज्या चित्रपटाने बैलगाड्या भरभरून आलेल्या स्त्रियांनी गच्च भरली, त्याच्या अतिरेकाचा हिशेब चित्रगृहातील गादीच्या खुर्चीवरून मांडणे हे न्यायाचे नव्हे. सासुरवाशिणीला घरात ज्या दुःखासाठी रडण्याची मुभा नव्हती, त्यासाठी तिला त्या अंधारात तीन तास मोकळे मिळाले.

शैलीवर शासनाचाही हात असतो, याकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. १९७० नंतर गुजरात सरकारने गुजराती चित्रपटांस करमाफी दिली आणि पगडी-घोड्यांच्या लोककथापटांचा पूर आला; महाराष्ट्राने १९७५ मध्ये करपरताव्याची योजना काढली आणि पहिल्या चित्रपटाच्या परताव्यावर दुसरा उभारण्याची, म्हणजे झटपट आणि स्वस्तात उभारण्याची, रीत पडली. पुढील दशकातील विनोदी मराठी चित्रपटांची जी एकसारखी चाल आपण ओळखतो, तिच्यामागे नटांच्या गुणांइतकाच कोषागाराचा हात आहे. नवापूरच्या प्रेक्षकाला मात्र या दोन्ही राज्यांच्या धोरणांची फळे एकाच आठवड्याच्या बाजारात चाखता येत.

आता पडद्यावरील आदिवासीकडे वळू. हिंदी चित्रपटाने त्याचे जे रूप वर्षानुवर्षे दाखविले ते सांगण्याची गरज नाही. डोक्याला पिसे, अंगाला पाने, हातात भाला आणि नायक-नायिकेच्या भोवती अर्थशून्य आरोळ्या ठोकीत फेर धरणारा जमाव. ते नृत्य पाहून तळोद्याच्या तंबूतील भिल्लही हसत असेल, कारण पडद्यावरील तो जमाव आपण आहोत असे त्याला वाटण्याचे काहीच कारण नव्हते. पण नेमक्या त्याच काळात शहादा तालुक्यात काय चालले होते? सावकारी कर्जात, खोट्या अंगठ्यांत आणि फेरफाराच्या नोंदींत भिल्लांच्या जमिनी बागायतदारांकडे गेल्या होत्या; भिल्ल आपल्याच शेतावर सालदार झाला होता; पिकाच्या राखणीच्या नावाखाली मालकांनी पगारी टोळ्या ठेवल्या होत्या. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंबरसिंग सुरतवंती यांनी, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, भजनाच्या परंपरेतून जागृतीचे काम आरंभिले होते. त्यांना सर्वोदयी आणि डाव्या तरुणांची साथ मिळाली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, दुष्काळाच्या त्या वर्षांत मोर्चे निघाले, जमिनी सोडविल्या गेल्या, आणि आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूची मडकी फोडली.

मराठी चित्रपटाला हा विषय सर्वथा नवीन होता असे नाही. बाबूराव पेंटरांनी १९२५ सालीच ‘सावकारी पाश’मध्ये जमीन हरपून शहराच्या वाटेला लागणारा शेतकरी दाखविला होता. परंतु शहाद्याचा संघर्ष चालू असता आमच्या चित्रपटाने त्याच्याकडे थेट पाहिले नाही. ‘सामना’ने सहकारी साखरेच्या सत्तेला हात घातला, आणि शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरलाही साखर कारखान्याचे धुराडे उभे राहिल्याने ती सत्ता येथील लोकांच्या परिचयाची होती, पण त्या उसाच्या फडात राबणारा भिल्ल तेथेही चौकटीबाहेरच होता. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून ‘जैत रे जैत’ केला. ठाकरांचा डोंगर, मधमाश्यांचे पोळे, नाग्या भगताची जिद्द, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचे स्वर, आणि समूहगानातून पुढे सरकणारी कथा. आदिवासी जीवनाची लय चित्रपटाच्या रचनेतच उतरविण्याचा तो मनोहर आणि धाडसी प्रयत्न होता, आणि आजही तो पाहताना मन निवते. तरीही एक गोष्ट खटकते. त्या चित्रपटात डोंगर आहे, देव आहे, प्रीती आहे. सातबारा कोठेच नाही.

तीन वर्षांनी ‘आक्रोश’ आला. गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचे. तो शहाद्यावर बेतलेला नाही. पण ठेकेदार, पुढारी, अंमलदार यांची त्यातील युती पाहून शहाद्याच्या माणसाला नावे तेवढी बदलून घ्यावी लागली असती. खुनाचा आळ आलेला लहान्या भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर एक अक्षर बोलत नाही. ओम पुरींच्या डोळ्यांतच सगळा जबाब. त्याची पत्नी नागी झाली होती स्मिता पाटील. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे शहाद्याला लागूनच असलेल्या तालुक्यातले, आणि घरात राष्ट्र सेवा दलाचे संस्कार; ‘जैत रे जैत’मधील चिंधी आणि ‘आक्रोश’मधील नागी या दोन्ही आदिवासी स्त्रिया एका खानदेशी घराच्या मुलीने रंगविल्या, हा योगायोग असेल, पण त्या देहबोलीत जे सहज ओळखीचे वाटते त्याचा उगम केवळ अभिनयाच्या अभ्यासात शोधता येत नाही. ‘आक्रोश’चे मौन हा चित्रशैलीचा मोठा विजय आहे, हे मी निःशंकपणे मान्य करीन. पण ते मौन कोणाचे? ते त्याचा बचाव करणाऱ्या तरुण वकिलाला, म्हणजेच आपल्यासारख्या पांढरपेशा प्रेक्षकाला, ऐकू आलेले मौन आहे. ज्या दशकात हा चित्रपट मनात आकार घेत होता त्या दशकात शहाद्याचा भिल्ल गप्प नव्हता. तो सभा घेत होता, गाणी रचीत होता, मामलेदाराला प्रश्न विचारीत होता. चित्रपटाने समाजाकडून त्याची वेदना घेतली आणि त्याचा आवाज तेवढा मागे ठेवला. याच चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी आपल्या ‘स्टेज’ या कवितेत, आमचे दुःख दुसरेच मंचावरून आम्हांला सांगतात, हा जो आशय मांडला आहे, तो आमच्या समांतर चित्रपटाच्या समीक्षेत जितक्या वेळा यावयास हवा होता तितक्या वेळा आलेला नाही.

कॅमेरा प्रत्यक्ष सातपुड्याच्या आत शिरला तो नर्मदेमुळे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे, सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांपैकी मणिबेलीत पाणी प्रथम चढले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ चा. रस्ता नाही, वीज नाही, होडीने जावे आणि डोंगर चढावा, अशा ठिकाणी मोठी यंत्रसामग्री नेणे अशक्य. हलका व्हिडिओ कॅमेरा, जो प्रकाश मिळेल तो, आणि घटना जशा घडतील तशी टिपणे. रोजनिशीचे ते रूप कलावंताच्या लहरीने आलेले नाही, ते त्या खोऱ्याने लादलेले आहे, आणि म्हणूनच ते इतके सच्चे वाटते. १९९३ च्या नोव्हेंबरात अक्राणीतील चिंचखेडीला पोलिसांच्या गोळीबारात रेहमल वसावे हा किशोर मारला गेला. त्या काळातील खोऱ्याची मनःस्थिती अहवालांपेक्षा या चित्रफितीतून अधिक कळते. घरातली माणसे कॅमेऱ्याकडे पाहून स्वतः बोलतात, होळीत नाचतात, अधिकाऱ्याशी हुज्जत घालतात. पुढे संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’, फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’ असे आणखी चित्रपट झाले आणि देशोदेशी दाखविले गेले. त्यांची महती कमी न करता एवढेच म्हणावेसे वाटते की संकलनाची कात्री या सर्वांत बाहेरच्यांच्याच हाती होती.

ती कात्री खानदेशाच्या हाती आली ती निराळ्याच वाटेने, आणि तिचा पहिला प्रयोग मालेगावास झाला. पूर्वी खानदेशातच मोडणाऱ्या त्या यंत्रमागांच्या गावी नासीर शेख या व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या गृहस्थाने गावचीच माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ने ते वेड जगाला दाखविले. प्रसिद्ध चित्रपटाची नक्कल, पण बोली, भूक आणि विनोद गल्लीतले, ही तऱ्हा तेथून सबंध खानदेशात पसरली. बहिणाबाईंची गाणी १९६१ मध्ये ‘मानिनी’ चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली होती, परंतु ती पुण्या-मुंबईच्या वाटेने गेली. अलीकडे ‘केसावर फुगे’ आणि ‘झुमकावाली पोर’ ही अहिराणी गाणी वऱ्हाडापासून कोकणापर्यंतच्या वरातींत वाजली ती कोणत्याही स्टुडिओचा उंबरठा न झिजविता.

आणि सातपुड्यात? साठ-सत्तर मैलांच्या टापूत टिमली आणि रोडालीच्या तालावर बांधलेली भिलोरी, पावरी, मावची बोलींतील गीतपटांची एक सृष्टीच उभी राहिली आहे. प्रथम बाजारात चकत्या मिळत, मग मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन कार्डात गाणी भरून घ्यावयाची, आता यूट्यूब. तीन-चार मिनिटांचा हा प्रकार बारकाईने पाहिला म्हणजे त्यात चार शैलींचे थर दिसतात. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी हात पसरून उभा राहिलेला नायक हिंदी चित्रपटातला. त्याची मंद गतीने वळणारी मान आणि काळा चष्मा दक्षिणेतल्या भाषांतरित मारधाडपटांतला. ओळीने हात धरून कमरेतून झुकत जाणारा नाच मात्र त्यांचा स्वतःचा, होळीतला. आणि वरून खाली येणारे ड्रोनचे दृश्य अर्थातच लग्नाच्या चित्रीकरणातले. वेष एकेकाळी जीन्स असे. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाचा उत्साह वाढत गेला तसतसे पडद्यावर चांदीचे दागिने, तीरकामठे आणि पिवळे फेटे दिसू लागले. म्हणजे ज्या पिसा-पानांनी हिंदी चित्रपटाने त्यांची थट्टा केली, त्यांच्या जागी आता त्यांनी आपणच निवडलेला वेष आणला आहे. आणि ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला मजूर, बडवानीचा भिलाला आणि अक्राणीचा पावरा हे तिघेही एकच गाणे पाहतात, त्यामुळे जी सीमा रेल्वेचा फलाट दुभंगून गेली ती या गीतांना जाणवतही नाही.

यास आदिवासी चित्रपट म्हणण्याची घाई मी करणार नाही. यांतील बहुतेक गाण्यांत स्त्री ही नाचण्यापुरती आणि रुसण्यापुरती आहे. मडकी फोडणाऱ्या त्यांच्या आज्या पडद्यावर अद्याप आलेल्या नाहीत. जमीन, स्थलांतर, बुडित यांवरचे गाणे क्वचितच दिसते, आणि गोऱ्या रंगाचे वेड तर शहरालाही लाजविणारे. परंतु ज्याला पन्नास वर्षे पडद्यावर एकतर फेर धरावयास लावले किंवा गप्प बसविले, तो आपल्या बोलीत प्रथम प्रेमाचे गाणे गाईल, हे स्वाभाविकच आहे; कथा मागाहून येईल.

प्रश्न आहे तो हे सगळे टिकण्याचा. पुण्याचे चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले तोवर मूकपटांचा बहुतांश भाग नष्ट झाला होता, आणि जे जतन केले त्यातील ज्वालाग्राही नायट्रेट रिळांचा मोठा साठा २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत गेला. स्टुडिओंच्या वैभवाची ही गत, तेथे तंबूंच्या आणि मोबाइलमधील गाण्यांच्या वाट्याला काय यावयाचे? फिरत्या सिनेमांच्या परवान्यांची प्रकरणे, करमणूक कराची वसुलीपत्रके आणि चौकशीचे अहवाल धुळे व नंदुरबारच्या महसुली दप्तरांत जेथे कोठे शिल्लक असतील, तेथे ती मुदतबाह्य कागद म्हणून रद्दीत काढण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाने पुण्याच्या संग्रहालयास आणि स्थानिक महाविद्यालयांस कळवावे. त्या कागदांखेरीज कोणता चित्रपट कोणत्या यात्रेत किती रात्री चालला हे सांगणारे दुसरे साधन नाही. शहादा-तळोद्याच्या महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास विभागांनी या गीतपटांच्या मूळ फायली, त्यांच्या कर्त्यांची नावे, बोली आणि चित्रीकरणाची स्थळे यांसह, आजच नोंदवून ठेवाव्यात, कारण वाहिनी बंद पडली की गाणे नाहीसे होते. आणि वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या तंबूचे तिकीट, जाहिरातीचा कागद किंवा रिळाची पेटी माळ्यावर पडून असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नये, एवढी विनंती आहे.